माफीपत्रानंतर

खंडेनवमीच्या दिवशी घरातली निवडक पुस्तके पाटावर मांडून त्यांची पूजा करायची, ही आमच्याकडची वडिलांपासूनची चाल. गेल्या वर्षी कोणती पुस्तके मांडावीत म्हणून कपाट उपसत बसलो होतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या इंग्रजी भाषणांचा जाडजूड ग्रंथ झटकला, तोच त्यातून घडी घातलेला एक कागद खाली पडला. नात शेजारीच बसली होती. तिने तो उचलला आणि विचारले, "आजोबा, हे काय आहे?" मी कागद ओळखला. तिच्या हातून घेऊन खिशात घातला आणि म्हणालो, "जुना हिशेब आहे."

ते उत्तर खोटे नव्हते. त्या कागदाकडे मी शेवटी येणारच आहे. परंतु तो गोखल्यांच्याच ग्रंथात का जाऊन बसला, हे समजायला आधी गोखल्यांची हकिकत सांगितली पाहिजे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकांतून गोखले भेटत ते बहुधा एका गणिताच्या गोष्टीतून. सगळी गणिते बरोबर आली म्हणून गुरुजींनी वर्गात शाबासकी दिली, तेव्हा लहानगा गोपाळ रडू लागला. का, तर त्यातले एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. ही गोष्ट मी शेकडो मुलांना सांगितली असेल. पण सांगताना मनात नेहमी एक शंका येई. जो मुलगा लहानपणीच इतका निर्मळ, त्याला पुढे स्वतःशी झगडण्याचे कारणच काय पडणार? आणि ज्याला झगडावे लागले नाही, त्याच्यापासून माझ्यासारख्या सामान्य माणसाने शिकायचे काय? या शंकेचे उत्तर मला त्या गोष्टीत मिळाले नाही. मिळाले ते १८९७ सालच्या एका प्रकरणात. ते प्रकरण पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, कारण त्यात गोखले चुकतात.

त्या वर्षी गोखले तिशीत होते. जन्म ९ मे १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूक गावचा. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला पाठवले. १८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय अडेल तो त्यांच्याकडे येई. पण त्यांची खरी शाळा होती ती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरची. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे काढायचे, अर्जाचा मसुदा करायचा, तो रानड्यांच्या कसोटीला उतरेपर्यंत पुन्हापुन्हा लिहायचा, अशी ती उमेदवारी होती. आधी सार्वजनिक सभा आणि १८९६ पासून डेक्कन सभा, दोन्हींचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले.

हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायतेत एक कमिशन नेमले होते. अध्यक्षाच्या नावावरून त्याला वेल्बी कमिशन म्हणत. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने गोखल्यांना पाठवले. बरोबर मुंबईचे दिनशा वाच्छा होते. वाटेत फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅले येथे गोखल्यांना अपघात होऊन छातीला जबर मार बसला. संकोचापायी त्यांनी तो काही दिवस कोणाला सांगितलाही नाही. १८९७ च्या एप्रिलमध्ये त्यांची साक्ष झाली. उलटतपासणी कसून झाली, पण तिशीतल्या या प्राध्यापकाचा आकडा काही चुकला नाही. कमिशनवरच्या हिंदी पक्षाच्या सभासदांनी पाठ थोपटली, तेव्हा गोखल्यांनी श्रेय दिले ते रानड्यांना आणि गणेश व्यंकटेश जोशी यांना. जोशी हे पेशाने हेडमास्तर आणि सरकारी आकडेशास्त्राचे अजोड जाणकार. साक्षीची पुष्कळशी सामग्री त्यांनीच जमवून दिली होती.

हे सारे ध्यानात ठेवायचे, कारण पुढची ठेच याच माणसाला लागायची होती. आकडा दहादा तपासल्याखेरीज ओठांबाहेर न काढणारा हा माणूस अवघ्या अडीच महिन्यांत एक न तपासलेली गोष्ट सगळ्या जगापुढे बोलून गेला.

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. १८९६ च्या सप्टेंबरात तो मुंबईत उघडकीला आला आणि थोड्याच अवधीत पुण्यात शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कडक कायदा केला. पुण्याचा बंदोबस्त रँड या अधिकाऱ्याच्या हाती दिला आणि मार्चपासून घरझडतीला गोरे सोल्जर लावले. रोगी हुडकून इस्पितळात न्यायचा, घरातल्या माणसांना अलग छावणीत हलवायचे, सामान जाळायचे, घर धुवून काढायचे, असा तो क्रम. रोग आटोक्यात आणण्याचा हेतू कोणी नाकारत नव्हते. परंतु बूट घालून देवघरात शिरणारे सोल्जर, चारचौघांत होणारी बायकांची तपासणी आणि डोळ्यांदेखत जळणारा संसार, यांनी सारे शहर पोळून निघाले होते. अशातच २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्यामागून येणारा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड पुढे ३ जुलैला मेला.

विलायतेतील वर्तमानपत्रे पुण्यावर तुटून पडली. पुण्याचे लोक असे का चिडले, हे सांगणारा माणूस लंडनात होता, तो म्हणजे गोखले. त्यांच्याजवळ पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्या पत्रांतला एक मजकूर अंगावर शहारे आणणारा होता: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. जुलैच्या आरंभी 'मँचेस्टर गार्डियन' या पत्राच्या प्रतिनिधीला मुलाखत देताना गोखल्यांनी ही गोष्ट सांगितली. पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही त्यांनी पुण्याचे गाऱ्हाणे मांडले. एकच खळबळ उडाली. मुंबई सरकारने तारेने कळवले की हा आरोप साफ खोटा आहे. पुरावा द्या, नाहीतर शब्द मागे घ्या, असे आव्हान पुढे आले. गोखले म्हणाले, मी स्वदेशी जाऊन शोध घेतो.

ते परतले तेव्हाचे पुणे कसे होते? टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून २७ जुलैला पकडले होते. नातू बंधूंना चौकशीशिवायच अटकेत टाकले होते. शहरावर जादा पोलीस बसवले होते. जो तो दाराला आतून कडी लावून बसला होता. अशा वेळी महिना-अखेरीस गोखल्यांची बोट मुंबईला लागली, आणि पोलीस अधिकारी त्यांना बोटीवरच गाठायला आले. नावे सांगा, एवढीच त्यांची मागणी. गोखल्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. त्यांनी आपल्या परीने शोध घेतला, तेव्हा ज्यांनी ती बातमी खात्रीने लिहिली होती, त्यांतले कोणी पुराव्यानिशी उभे राहायला तयार नव्हते. कोणी ऐकलेले लिहिले होते, कोणाला आता भय वाटत होते. बातमी खरी असेल किंवा नसेल; गोखल्यांच्या हातात मात्र ती खरी ठरवणारे काहीच उरले नव्हते.

रानड्यांशी बोलून त्यांनी निर्णय घेतला. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'त आणि ज्या 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये आरोप छापला होता त्या पत्रातही, त्यांचे माफीपत्र प्रसिद्ध झाले. गव्हर्नर सँडहर्स्ट, प्लेगचे अधिकारी आणि प्लेगच्या कामावरचे सोल्जर, या सर्वांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली होती. त्यात 'परंतु' नव्हता. मित्रांनी फसवले असा सूर नव्हता. शब्द आपण उच्चारले, जबाबदारी आपली, एवढेच होते.

आता या माफीचा न्याय कसा करायचा? त्या काळच्या लोकांनी तो चटकन केला. इंग्रज म्हणाले, हा खोटारडा निघाला. आपले लोक म्हणाले, हा भित्रा निघाला. तिकडे टिळक तुरुंगात खडी फोडायला निघालेले आणि इकडे हा प्राध्यापक सोल्जरांची क्षमा मागतो, असे ते चित्र होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तेव्हा गोखल्यांना व्यासपीठावर बोलायला उभे करणे शहाणपणाचे नाही असे पुढाऱ्यांना वाटले. आठ महिन्यांपूर्वी लंडनला कमिशनपुढे देशाची बाजू मांडणाऱ्या माणसाला स्वतःच्याच प्रांतात, स्वतःच्याच माणसांपुढे तोंड उघडता येईना.

मी गोखल्यांचा भक्त म्हणून लिहीत नाही. मलाही ती माफी गरजेपेक्षा अधिक रुंद वाटते. एक विशिष्ट आरोप सिद्ध करता आला नाही, तर तो आरोप मागे घ्यावा हे बरोबर. पण जाळलेले सामान, बाटवलेली देवघरे आणि भर रस्त्यावर झालेली बायकांची विटंबना, हे तर खरेच घडले होते. सरसकट माफीने त्या खऱ्या गाऱ्हाण्यावरही बोळा फिरला आणि सरकारला एक आयते हत्यार मिळाले. हा आक्षेप तेव्हाही रास्त होता, आजही आहे.

तरीसुद्धा मला वाटते की केवळ त्या पत्रावरून गोखल्यांची परीक्षा करण्यात आपली चूक होते. माफी धैर्यानेही मागता येते आणि भित्रेपणानेही; कागदावर दोन्हींचे शब्द सारखेच दिसतात. फरक पुढे दिसतो. भिऊन माफी मागणारा माणूस त्यानंतर एक तर गप्प बसतो, नाहीतर जन्मभर स्वतःची सफाई देत राहतो. चूक नेमकी कोठे झाली, हे ज्याला पाहायचे असते, तो आपल्या कामाची रीतच बदलतो.

गोखल्यांच्याही मनात सार्वजनिक जीवनातून निवृत्त होण्याचे विचार येऊन गेले. पण ते थांबले नाहीत. प्लेग पुन्हा उलटला तेव्हा ते स्वयंसेवकांबरोबर पुण्याच्या गल्ल्यांतून हिंडले. ज्या कामाविषयी दुरून, ऐकीव माहितीवर बोलून ते फसले होते, ते काम आता त्यांनी जवळून, स्वतःच्या हातांनी केले. माझ्या मते त्यांचे खरे प्रायश्चित्त ते हेच.

५ फेब्रुवारी १८९८ ही तारीख असलेले त्यांचे एक टिपण उपलब्ध आहे. माफीला पुरते सहा महिने झाले होते आणि निंदेचा धुरळा अजून बसला नव्हता. गुरू दत्तात्रेयाचे स्मरण करून त्यांनी आपले संकल्प ओळीने लिहिले: योगाचा नियमित अभ्यास करीन, इतिहास, तत्त्वज्ञान, खगोल, भूगर्भ, शरीरशास्त्र, मानसशास्त्र, फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवीन, मुंबईच्या कायदेमंडळाचा, मग व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचा, मग ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होण्याचा प्रयत्न करीन आणि तेथे देशाचे हित साधीन, श्रेष्ठ अशा तत्त्वज्ञानरूप धर्माचा उपदेशक होईन.

पहिल्यांदा मी हे वाचले तेव्हा मला हसू आले. ज्याला अमरावतीत बोलू दिले नाही, तो पार्लमेंटात जायला निघाला! पण पुन्हा वाचताना हसू मावळले. त्या यादीत काय नाही ते पाहा. कोणाविषयी तक्रार नाही. 'मला दगा दिला' असे नाही. एकतिसाव्या वर्षी, बदनामीच्या ऐन भरात, हा माणूस आपल्यापाशी काय कमी आहे त्याची मोजदाद करतो आहे; आणि आपली महत्त्वाकांक्षाही लपवून ठेवत नाही. आपल्याकडे नम्रता म्हणजे स्वतःला क्षुद्र म्हणवून घेणे, अशी एक समजूत आहे. गोखल्यांना ती मान्य नसावी. स्वतःची उंची जशी आहे तशी मोजायची, कमीही नाही आणि जास्तही नाही, हा गणिताच्या शिक्षकाचा स्वभाव त्या टिपणात दिसतो.

यादीतली दोन पदे त्यांनी चार वर्षांच्या आत मिळवली. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले. तेथे १९०१ मध्ये जमीनमहसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीला विरोध म्हणून फिरोजशहा मेहतांनी सभात्याग केला, त्यात गोखलेही होते. ज्याला भित्रा म्हटले होते तो हाच. त्याच वर्षीच्या जानेवारीत रानडे गेले होते. गुरू नाही, अशा स्थितीत ते मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. समोर अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते.

त्या भाषणाची बांधणी पाहिली म्हणजे १८९७ ची ठेच किती खोल गेली होती ते समजते. सरकार म्हणत होते, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे काढले. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा विलायतेला जास्त रुपये पाठवावे लागत. ती तूट भरून काढायला कर वाढवले. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांना बंद करून रुपया कृत्रिमपणे वर चढवला, म्हणून ती तूट गेली; पण वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हा ही शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे. दुष्काळाने खंगलेल्या रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा जास्त काढलेला तो पैसा होय. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. गोखल्यांनी मिठाच्या खपाचे आकडे मांडून दाखवले की गरीब माणूस मीठसुद्धा पोटभर खाऊ शकत नाही. यात एकही गोष्ट ऐकीव नव्हती. कोणीही उठून 'पुरावा काय?' असे विचारावे, तर पुरावा सरकारच्याच छापील अहवालात होता.

दरवर्षी ते असेच बोलत राहिले. मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. हे केवळ गोखल्यांनी केले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. परंतु त्यांच्या बोलण्याला उत्तर देणे सरकारला दर वर्षी अधिकाधिक जड जात होते, एवढे खरे. आणि या सगळ्या काळात गणेश व्यंकटेश जोशांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता: हा आकडा पाहा, हा मुद्दा टिकेल का, येथे मी चुकतो आहे का? देशभर नाव झालेला पुढारी एका हेडमास्तरापुढे आपली वही तपासायला ठेवत होता. आपण कोठे कच्चे आहोत हे त्याला ठाऊक होते आणि त्या जागी पक्का माणूस बसवायला त्याला लाज वाटत नव्हती.

पुढे १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या नियमांतही मला तोच धडा दिसतो. नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी. त्यात अभ्यास आणि देशाचा प्रवास. सात शपथा, त्यांतली एक अशी की कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही. आधी देश पाहा, मग देशाविषयी बोला, हा त्यातला आशय. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परत आले, तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी हेच सांगितले: एक वर्ष देशभर हिंडा, पाहा, ऐका, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. गांधीजींनी ते वर्ष पाळले. गोखल्यांचा शहाणपणा म्हणून हा उपदेश आपण सांगतो. पण तो शहाणपणा कोठून आला? १८९७ च्या जुलैत, सहा हजार मैलांवरून, न पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलून जी आग अंगावर घेतली होती, तिचा चटका त्यात आहे, असा माझा तर्क आहे.

याचा अर्थ गोखले स्वतःला पुरते जिंकून बसले होते असा नव्हे. टीका त्यांना अखेरपर्यंत फार लागे, असे त्यांच्या शिष्यांनीच सांगून ठेवले आहे. स्वभाव हळवा तो हळवाच राहिला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. जेथे शाळेच्या वयाची निदान तेहतीस टक्के मुले शाळेत जातात, तेवढ्याच ठिकाणी, तेही स्थानिक संस्थेच्या इच्छेने सक्ती करावी, इतके ते सौम्य विधेयक होते. ते पडणार हे त्यांना ठाऊक होते. आमच्या पिढीने अपयशानेच देशाची सेवा करायची आहे, अशा आशयाचे ते बोलले. पंधरा वर्षांपूर्वी अपयश आले तेव्हा सगळे सोडून द्यावे असे ज्याच्या मनात आले होते, तोच माणूस आता अपयश हा कामाचाच एक भाग म्हणून स्वीकारत होता. स्वभाव बदलला नव्हता. स्वभावाची ओळख पटली होती.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते पुण्यात वारले. अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. टिळक सिंहगडावर होते, ते खाली उतरून स्मशानात आले आणि आयुष्यभराच्या प्रतिपक्ष्याविषयी गौरवाचे शब्द बोलले. ऑगस्ट १८९७ मध्ये अशी गोष्ट पुण्यात कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

आता तो कागद.

मी छत्तिसाव्या वर्षी एका शाळेचा मुख्याध्यापक झालो. दुसऱ्याच वर्षी सहामाही परीक्षेत नववीचा गणिताचा पेपर फुटला. पेपर माझ्या खोलीतल्या कपाटात होते आणि खोलीची किल्ली शिपायाकडे असे. त्यांना सगळी शाळा मामा म्हणे. दोन अनुभवी शिक्षकांनी मला येऊन सांगितले की आदल्या संध्याकाळी मामा खोलीपाशी एका शिकवणीवाल्याशी बोलत उभे होते. सांगणारी माणसे भली होती. मी एकदाही उलटून विचारले नाही की तुम्ही स्वतः पाहिले, की कोणाकडून ऐकले? मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात मुले उभी असताना, मी मामांना बोलावले आणि नको ते बोललो. 'पेपर विकून खाल्लात' हे शब्द माझे. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस दिली आणि त्यांना कचेरीतून काढून फाटकावर बसवले.

तीन आठवड्यांनी कळले की पेपर छापखान्यातून फुटला होता. शिकवणीवाल्याशी बोलत उभा असलेला माणूस दुसराच कोणी होता. मी काय केले? एका ओळीचा कागद टंकून घेतला: सदर नोटीस रद्द समजावी. त्याची एक प्रत मामांना दिली, त्यांना परत कचेरीत घेतले आणि मनाशी म्हणालो, अन्याय दूर झाला. कार्बन प्रत मी त्या वेळी वाचत असलेल्या पुस्तकात ठेवली. ते पुस्तक गोखल्यांच्या भाषणांचे होते. गोखल्यांची माफी गरजेपेक्षा रुंद होती असे म्हणणाऱ्या माझ्या हातची ही माफी! तिच्यात 'माफी' हा शब्दच नव्हता.

खंडेनवमीनंतर चार दिवसांनी मी मामांच्या गावी गेलो. सातारा रस्त्यावर, एस. टी. ने दोन तासांचे अंतर. मामा ऐंशीच्या पुढे गेले आहेत. डोळ्याला कमी दिसते, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. "सर, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?" असे म्हणत सुनेला चहा टाकायला सांगितले. मी खिशातून कागद काढला आणि जे तीस वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते ते म्हणालो.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नोटिशीचं मला काय न्हवतं, सर. ती तुम्ही माघारी घेतली. पण पोरं मला 'पेपरवाले मामा' म्हनायला लागली हुती. ते कुनी माघारी घेतलं न्हाई. रिटायर होईस्तवर तेच नाव ऱ्हायलं."

त्यात राग नव्हता. मला चहा घ्यायला लावून ते फाट्यापर्यंत पोचवायला आले.

परतीच्या गाडीत मला माझ्या चुकीची जागा दिसली. आरोप चारशे मुलांपुढे केला आणि तो मागे घेतला बंद लिफाफ्यात. गोखल्यांनी ज्या वर्तमानपत्रात शब्द उच्चारले, त्याच वर्तमानपत्रात ते मागे घेतले. सारी बदनामी त्यांनी ओढवून घेतली ती यामुळेच, आणि पुढची साडेसतरा वर्षे त्यांना ताठ मानेने बोलता आले तेही यामुळेच. मी शाळेतला दरारा सांभाळला. पदोन्नती मिळाली, संस्थेने निवृत्तीच्या वेळी शाल दिली. परंतु ऐकीव गोष्टीवर विसंबण्याची माझी खोड मात्र निवृत्त होईपर्यंत गेली नाही, कारण तिचे नाव मी कधी मोठ्याने घेतलेच नव्हते.

शाळेचे नाव मी येथे देत नाही. पण त्या व्हरांड्यात त्या दिवशी उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणाच्या हाती हा अंक पडला, तर त्याला शाळा ओळखू येईल, मामाही ओळखू येतील. त्याला मला एवढेच सांगायचे आहे: पेपर मामांनी फोडला नव्हता. मी खात्री न करता बोललो. चूक माझी होती.